बघण्यासारखं काही नाही म्हणता?

वर कोणीतरी लिहिलंय ना की फ्रान्सच्या खेड्यात शेतं आणि एक चर्च सोडून काय असतं, त्यावर थोडी भर. कोलोंबे-ले-दझेग्लीझ नावाचं गाव आहे, पॅरिसपासून दोन-अडीचशे किमी, नावाचा अर्थच 'दोन चर्चवालं कोलोंबे'. आजूबाजूला शेतं, कुरणं, रान, वस्ती जेमतेम सातशेच्या आसपास. पण फ्रान्सचे सेनानी आणि नंतरचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल इथलेच, म्हणजे जन्माने नाही हां, त्यांनी 1934 मध्ये इथे घर घेतलं, ला ब्वासरी, कारण धाकटी मुलगी अ‍ॅन हिला डाउन सिंड्रोम होता आणि तिला शांत जागा हवी होती. पुढे घराला बुरुज बांधून त्यात अभ्यासिका केली, तिथून नुसती शेतं आणि जंगल दिसायचं. 1958 मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर (सरकारप्रमुख) आडेनाउअर याच घरी मुक्कामाला आले होते, विचार करा, दुसरं महायुद्ध संपून तेरा वर्षं झालेली फक्त!

टेकडीवरचं द गॉल यांचं स्मारक, म्हणजे लोरेनचा क्रॉस (दोन आडव्या दांड्यांचा, त्यांच्या युद्धकाळातल्या चळवळीचं चिन्ह), मात्र दणदणीत आहे, 44 मीटरच्या वर, 1972 चा, लांबूनच दिसतो. मला स्वतःला तो जरा जास्तच वाटतो. त्यापेक्षा चर्चशेजारची त्यांची कबर बघा, साधा पांढरा दगड, त्यावर नाव आणि 1890-1970, बस्स. पदबिद काही नाही, बाजूला अ‍ॅन, जी 1948 मध्येच गेली. ट्रेनने बार-स्यूर-ओबला उतरायचं, पुढे पंधराएक किमी, गाडी असेल तर बरं.