तीनशे डावांच्या नोंदीला विकतचा डेटाबेस लागतोच का?

नोंदवहीवाला
बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांच्या गटात काल एक सल्ला फिरत होता: ‘मूल रेटेड स्पर्धा खेळायला लागलं की पहिल्यांदा चेसबेस आणि मेगा डेटाबेस घ्या. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये डाव ठेवणं म्हणजे पाण्यात ठेवणं.’ (चेसबेस हा डाव साठवायचा आणि शोधायचा विकतचा प्रोग्रॅम, मेगा हा त्याच्यासोबतचा तयार डावांचा साठा.) खाली अंगठ्यांची रांग. तिथे लिहून उपयोग नव्हता, म्हणून इथे सविस्तर.

आधी हिशोब करा. वर्षाला आठ-दहा क्लासिकल (लांब वेळेच्या) स्पर्धा, प्रत्येकी सात ते नऊ फेऱ्या. फार तर नव्वद डाव. तीन वर्षांचे पावणेतीनशे. पीजीएन, म्हणजे डाव साठवायची सर्वत्र चालणारी पद्धत, ही साधी मजकूर फाइल असते, आणि एवढे डाव टिपणांसकट एका एमबीत आरामात बसतात. त्यासाठी लाखो डावांचं गोदाम कशाला?

स्किड व्हर्सेस पीसी हा डाव साठवायचा प्रोग्रॅम फुकट आहे. नवा बेस उघडा, स्कोअरशीटवरून (चाली लिहिलेल्या कागदावरून) डाव पटावर खेळा, जतन करताना सात टॅग भरा: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. तारीख २०२५.०३.१४ अशीच. उलटी टाकलीत तर क्रमवारीचा चुथडा होतो. फेरी ‘५’ लिहा, ‘पाचवी’ नको. मग हेडर सर्चमध्ये मुलाचं नाव टाकून, काळ्याकडून, हरलेले, एवढं गाळलं की पुढच्या महिन्याचा अभ्यासक्रम समोर. डाव तपासणारं स्टॉकफिश इंजिन जोडायला पैसे लागत नाहीत. महिन्याच्या शेवटी सगळं पीजीएनमध्ये निर्यात करून दोन ठिकाणी ठेवा. झालं.

तिरका उंट
‘झालं’ म्हणे! स्किडचा बेस तीन फाइलींचा असतो हे सोयीस्करपणे गाळलंत. एसआय४ म्हणजे फक्त सूची. चाली एसजी४ मध्ये, नावं एसएन४ मध्ये. पालक पेनड्राइव्हवर एकच फाइल टाकतात, लॅपटॉप फॉरमॅट होतो, आणि हातात उरते डावांशिवायची सूची. शिवाय डाव ‘डिलीट’ केला तरी तो जात नाही, नुसती खूण होते. बेस कॉम्पॅक्ट करेपर्यंत तो तिथेच. हे कोण सांगणार त्यांना?

चेसबेसमध्ये पैसे तयारीचे मोजायचे असतात. कास्पारोव्ह १९८५ मध्ये हॅम्बुर्गच्या आठ जणांच्या संघाशी एकाच वेळी खेळला आणि साडेतीन-साडेचारने हरला. १९८७ मध्ये अटारी संगणकावरच्या चेसबेसवर त्यांचे डाव बघून बसला आणि ७-१ ने जिंकला. याला म्हणतात डेटाबेस.

नोंदवहीवाला
उंटसाहेब, तुमचा अंडर-११ हॅम्बुर्गच्या संघाशी खेळणार आहे का? चौदाशेच्या आसपासच्या रेटिंगच्या गटात डीजीटी पट (चाली आपोआप टिपणारे) वरच्या मोजक्या टेबलांवर असतात. बाकीच्यांचे डाव स्कोअरशीटच्या गठ्ठ्यात राहतात, मेगापर्यंत जातच नाहीत. प्रतिस्पर्ध्याचं नाव टाकलंत की शून्य डाव. आणि वरच्या पातळीचे डाव हवे असतील तर ‘द वीक इन चेस’ १९९४ पासून दर आठवड्याला फुकट पीजीएन देतंय.

तीन फाइलींचं मान्य, ते लिहायला हवं होतं. पण चेसबेसची सीबीएच फाइल काय एकटी असते? चाली सीबीजीत, टिपणं सीबीएत, खेळाडू सीबीपीत. सीबीए विसरलात तर डाव येईल, तुमची मेहनत येणार नाही.

तिरका उंट
म्हणूनच सीबीव्ही आहे. एका क्लिकवर सगळं बांधून एक फाइल. वापरलं असतंत तर माहीत असतं.

सिसिलियन सांगलीकर
दोघंही लॅपटॉप गृहीत धरून भांडताय. निम्म्या घरांत फक्त फोन आहे. लिचेस या फुकटच्या साइटवरची स्टडी (डावांची वही) वापरा: एका स्पर्धेला एक स्टडी, एका फेरीला एक चॅप्टर, दृश्यता ‘खासगी’. प्रशिक्षकाला सदस्य करून घ्या, तो तिथेच बाण काढतो. शून्य रुपये.

नोंदवहीवाला
उत्तम आहे, पण मर्यादा सांगा की. एका स्टडीत ६४ चॅप्टर, संपलं. आपल्या सगळ्या स्टडींत मिळून ‘ही स्थिती आधी कधी आली होती’ असं शोधता येत नाही. ओपनिंग एक्स्प्लोररमधला (सुरुवातीच्या चालींच्या आकडेवारीतला) खेळाडूचा भाग तिथे ऑनलाइन खेळलेले डाव मोजतो, स्टडीत भरलेले नाही. आणि इव्हेंटचा, म्हणजे स्पर्धेचा, टॅग रिकामा सोडलात तर निर्यातीत तिथे स्टडीचं आणि चॅप्टरचं नाव येऊन बसतं. मग स्किडमध्ये नऊ फेऱ्यांच्या नऊ वेगळ्या ‘स्पर्धा’ दिसतात.

सिसिलियन सांगलीकर
म्हणजे टॅग भरायचे. तुमचंच तर म्हणणं.

आठवी ओळ
सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, खरा घोळ नावांचा. आपल्याकडे नाव-वडील-आडनाव. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, तिसरीत वडिलांचं नुसतं आद्याक्षर. एकाच पोराचे चार खेळाडू होतात आणि ‘याच्याशी आपण कधी खेळलो’ याचं उत्तर चार ठिकाणी विखुरतं. आडनाव, स्वल्पविराम, नाव एवढंच ठेवा. व्हाइट-फिडे-आयडी, ब्लॅक-फिडे-आयडी (फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने खेळाडूला दिलेला क्रमांक) असे जादा टॅग टाका. नाव बदलेल, आयडी नाही. जुना पसारा स्किडच्या नेम एडिटरमध्ये एका फटक्यात सुधारता येतो.

आणि कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची जोडचाल! स्कोअरशीटवर आपण शून्य-शून्य लिहितो, फिडेच्या नियमांतही तसंच. पीजीएनला मात्र मोठं इंग्रजी ‘ओ’ लागतं. मजकूर हाताने टाइप करणारे शून्यं टाकतात. काही प्रोग्रॅम चालवून घेतात, काही तिथेच डाव तोडतात. मग म्हणायचं, सॉफ्टवेअर फालतू.

मराठी पट
हे सगळं इंग्रजीच का, हा प्रश्न कोणालाच पडत नाही? फिडेच्या नियमांत स्पष्ट आहे की मोहऱ्याचं अक्षर आपापल्या भाषेतलं वापरता येतं. फ्रेंच लोक उंटाला ‘फू’चं एफ लिहितात. आपण वजिराला ‘व’ आणि घोड्याला ‘घो’ लिहिलं की लोक हसतात. मुलांना घोड्यासाठी ‘एन’ का, हे समजावण्यातच पहिला महिना जातो.

आठवी ओळ
लिहा की. स्तंभ कसे लिहिणार? अ-ब-क-ड घेतलंत तर आठवा स्तंभ ‘ह’, आणि हत्तीही ‘ह’. ‘हह१’ म्हणजे काय वाचायचं घाईत?

मराठी पट
स्तंभ इंग्रजीच राहू द्या, मोहरी मराठी. एवढं अवघड नाही. इच्छा नसली की सबबी सापडतात.

तिरका उंट
सबबी नाहीत साहेब, विनिमय आहे. पीजीएनच्या मानकात चालींची अक्षरं इंग्रजी म्हणजे इंग्रजीच. फाइलमध्ये ‘घो’ घातलंत की जगातला एकही प्रोग्रॅम तो डाव उघडणार नाही. भाषेचं प्रेम असेल तर टिपणं मराठीत लिहा.

नोंदवहीवाला
उंटसाहेबांशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पडद्यावर मोहऱ्यांची चित्रं दाखवायची सोय जवळपास सगळीकडे आहे. ती चालू करा, अक्षरांचा वादच मिटतो. स्कोअरशीटवर ‘घो’, फाइलमध्ये ‘एन’, पडद्यावर घोड्याचं चित्र.

मराठी टिपणांत मात्र खाचा आहेत. १९९४ चं मानक लॅटिन-१ अक्षरसंच गृहीत धरतं, त्यात देवनागरी नाही. आजचे बरेच प्रोग्रॅम यूटीएफ-८ (देवनागरीही सामावणारी पद्धत) समजतात, जुने समजत नाहीत. टिपणाच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं दिसली तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. फक्त त्या अवस्थेत ‘सेव्ह’ करू नका. प्रश्नचिन्हांची ओळ फाइलमध्येच लिहिली गेली असेल तर मजकूर गेला, परत येत नाही. म्हणून आधी एका डावात दोन मराठी वाक्यं लिहा, निर्यात करा, नोटपॅडमध्ये उघडून बघा, मगच तीनशे डावांना हात घाला.

आणि टिपण महिरपी कंसात असतं. आतल्या मजकुरात तोच बंद कंस आला की टिपण तिथेच संपलं असं प्रोग्रॅम समजतो, उरलेलं मराठी चाली म्हणून वाचायला जातो आणि बोंब मारतो.

मराठी पट
म्हणजे शेवटी आम्हीच जुळवून घ्यायचं. ठीक आहे. आज्ञा शिरसावंद्य.

सिसिलियन सांगलीकर
भाषावाद संपला असेल तर कोणी स्कोअरशीटबद्दल बोलेल का? सॉफ्टवेअरआधी तिथेच डाव मरतो. पोरांचा ‘बी’ आणि सहा सारखा, ‘जी’ आणि नऊ सारखा. एकाच घरावर दोन घोडे जाऊ शकत असताना कुठला ते लिहीत नाहीत, आणि पंधरा चालींनंतर बेकायदा चाल निघते.

आठवी ओळ
तेव्हा चूक बेकायदा चालीवर शोधू नका, ती मागे असते. शेवटच्या दोन-घोडे किंवा दोन-हत्ती चालीपाशी परत जा आणि दुसरा पर्याय लावा. तरी जमलं नाही तर एका बाजूची एक चाल लिहायची राहिली असेल: पांढऱ्याच्या रकान्यातल्या चाली काळ्याच्या वाटायला लागतात. शेवटची स्थिती आठवते तोवर, म्हणजे त्याच संध्याकाळी, डाव भरा. मूळ शीट आयोजकांची. आपल्याकडे येते ती कार्बन, आणि ती फिकट होत जाते. आल्याआल्या फोटो काढा.

आणि घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला आणि दर चालीला तीस सेकंदांची वाढ नसेल, तर लिहिणं बंधनकारक नसतं. तिथे डाव अर्धाच राहणार. अंदाजाने चाली भरू नका. कळतं तिथवर भरा, खरा निकाल टाका, टिपणात ‘पुढे नोंद नाही’ लिहा.

तिरका उंट
बरं, नोंदीपुरतं स्किड चालेल, मानतो. पोरगं अठराशेच्या पुढे गेलं आणि रात्री दहाला पेअरिंग (उद्या कोण कोणाशी खेळणार ते) लागलं की मग विचारा मला.

नोंदवहीवाला
विचारू. तोवर पावणेतीनशे डाव नीट टॅग लावून पीजीएनमध्ये असतील, आणि तुमचं चेसबेस ते एका आयातीत उघडेल. उलट वाटेने येताना मात्र चेसबेसमधली रंगीत पदकं (डावावर लावायच्या खुणा) आणि प्रशिक्षणाचे प्रश्न पीजीएनमध्ये धड उतरत नाहीत, तेवढं बघून ठेवा.