मदत हवी आहे: घाटातल्या फलकावर 'काळ' काय लिहू? (तातडीचं)

कातळवेडा: फलकाचा मजकूर आज सहाच्या आत फ्लेक्सवाल्याला द्यायचाय. 'खडकाचा काळ' या ओळीवर अडलोय. एका पीडीएफमध्ये 'अंबेनळी', दुसऱ्यात 'पुरंदरगड', तिसऱ्यात 'डॅनियन'. मी सध्या 'अंबेनळी युग' टाकलंय. बरोबर की चूक, एवढंच सांगा. इतिहास नको.

घाटमाथा: कुठला घाट? फलक पायथ्याला की वर? किती उंचीवर?

निवृत्त मास्तर: 'अंबेनळी युग' छापू नका, असं युगच नाही. ते फॉर्मेशन आहे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या दगडांच्या थप्पीचं नाव. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आधी महाबळेश्वर फॉर्मेशन, मग हे, मग पोलादपूर. डोळ्याला तिन्ही काळेच. बेरियम, स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम मोजून 1980च्या दशकात ही विभागणी झाली. डॅनियन हा मात्र काळ, जगभर एकच.

हातोडी: वा, सगळं प्रयोगशाळेतच झालं म्हणायचं! भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने डोंगर पालथे घालून दिवेघाट, पुरंदरगड अशी फॉर्मेशनं पाडली, ती उगीच? विहीर खणताना कोण बेरियम मोजत बसतं?

निवृत्त मास्तर: मोजू नका. पण तुमची नावं घ्या नाहीतर आमची, दोन्ही दगडांचीच. काळाचं त्यात एकही नाही.

चहाबाज: घाटातली टपरी चालू आहे का हो? गेल्या पावसात बंद होती.

भुजकर: खरे स्थानिक काळ बघायचे तर कच्छला या. काकडी, बाबिया, रमानिया, वायोर, आयडा, विंझाण. समुद्राखालच्या गाळातल्या जीवाश्मांवरून पाडलेत. बाबियाच्या चुनखडीतले न्युम्युलाइट, म्हणजे चकतीसारखे समुद्री जीवाश्म, तर नाण्यासारखे हातात येतात. तुमच्या लाव्हात काय सापडणार?

घाटमाथा: भुजकर, त्यांना फलक लावायचाय, कच्छची सहल काढायची नाहीये. कातळवेडा, घाट सांगा की राव!

कातळवेडा: अहो, महाबळेश्वर-पोलादपूर रस्ता, अजून कुठला असणार! मधल्या वळणावर, प्रतापगडचा फाटा सोडून खाली. तिथे कातळात बोटभर रुंद गोल भोकं आहेत, पोरं त्यात वेफर्सची पाकिटं कोंबतात. साडेपाच वाजलेत.

वेलिंग्टनकर: इथे न्यूझीलंडमध्ये आजही स्वतःचे काळ वापरतात. जीवाश्म बाकी जगाशी जुळत नाहीत, मग करणार काय? तुमच्या डॅनियनच्या जागी आमचा ट्युरियन, फक्त तो डॅनियन संपल्यावरही पुढे चालू राहतो. आणि तो मोडतो डॅनिव्हर्क या काळांच्या गटात. डॅनिव्हर्क हे इथलं गाव, ते वसवणाऱ्यांत डॅनिश लोक होते! म्हणजे डेन्मार्क दोन्हीकडून आलाच.

निवृत्त मास्तर: गंमत आहे खरी. डॅनियन डेन्मार्कच्या नावाने, त्याच्या सुरुवातीचं मानक ठिकाण ट्युनिशियात एल केफला, आणि दगड आमच्या सह्याद्रीचा.

कातळवेडा, ती भोकं बहुधा नमुने काढल्याची. लाव्हा थिजताना पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकाची दिशा धरून ठेवतो. आंबेनळीत ती आजच्या उलट आहे. आता काळाचं. 6.6 कोटी वर्षांपूर्वीची, डायनोसॉर संपले ती सीमा या थप्पीत नेमकी कुठे, यावर 2019 साली दोन गटांचं जमलं नाही. एकाची पोलादपूरच्या बुडाशी, दुसऱ्याची त्याच्या माथ्याकडे. आंबेनळीचा बहुतेक भाग दोघांच्याही हिशेबात सीमेच्या वरच. तेव्हा लिहा: 'खडक: आंबेनळी फॉर्मेशन. काळ: डॅनियन, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी.'

हातोडी: कंसात पुरंदरगड टाका.

निवृत्त मास्तर: टाकू नका.

कातळवेडा: दोन ओळी झाल्या, जागा एकीचीच आहे. फ्लेक्सवाला म्हणतो अक्षर बारीक करतो. चालेल?

घाटमाथा: चालेल. पण आधी 'अंबेनळी'चं 'आंबेनळी' करा.

चहाबाज: टपरीचं कोणी सांगितलंच नाही.