स्वयंसेवक ताई-दादांचा सन्मान: निवड कशी करावी, कार्यक्रम कसा करावा?

शनिवारची_शाळा

सांगली जिल्ह्यात आमच्या संस्थेची ९ गावांत मुलांसाठी केंद्रं चालतात. १० ते १७ वयाची साधारण ३५० मुलं येतात. शनिवार-रविवार वाचनालय, विज्ञानाचे प्रयोग, कबड्डी, मल्लखांब, आणि सुट्टीत किल्ल्यांवर सहली. हे सगळं ४० जण बिनपगारी चालवतात. त्यांत शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, अंगणवाडी सेविका, कॉलेजची मुलं, काही निवृत्त मंडळी. यंदा पहिल्यांदाच त्यांचा सन्मान करायचं ठरलंय. हाताशी २५,००० रुपये आहेत. तारीख ५ डिसेंबर (आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन) किंवा १२ जानेवारी (राष्ट्रीय युवा दिन).

अडलंय ते इथे: ४० पैकी किती जणांना निवडावं? कशावरून? रोख रक्कम द्यावी का? एक दादा १८ वर्षं येतात, आणि एका ताईंना जेमतेम दीड वर्ष झालंय पण काम विलक्षण आहे. या दोघांची तुलना कशी करायची? आणि ज्यांचं नाव येणार नाही ते दुखावू नयेत यासाठी काय करता येईल?

दौत_टाक

तुमच्या तुलनेच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेक संस्था चुकतात. १८ वर्षांची सेवा आणि दीड वर्षाचं उत्तम काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एका रांगेत उभं केलं की कोणीही जिंकलं तरी अन्याय होतो.

स्काउट-गाइड चळवळीत हे छान वेगळं केलेलं आहे. पथक चालवणाऱ्या मोठ्यांनी प्रशिक्षणाचे टप्पे पुरे केले की हिमालय वुड बॅजचे दोन लाकडी मणी मिळतात. ती प्रशिक्षणाची खूण, पुरस्कार नव्हे. (वुड बॅजचा पहिला वर्ग १९१९ साली इंग्लंडात गिलवेल पार्कला झाला.) दीर्घ सेवेचं पदक वेगळं. आणि उल्लेखनीय कामासाठी मेडल ऑफ मेरिट, त्यावर सिल्व्हर स्टार, सर्वांत वर सिल्व्हर एलिफंट. तुम्हीही तीन गोष्टी तीन ठिकाणी ठेवा:

१. दीर्घसेवा: ५, १०, १५, २० वर्षं पूर्ण झाली की आपोआप. अर्ज नाही, निवड नाही, स्पर्धा नाही. तुमच्या १८ वर्षांच्या दादांना यंदा १५ वर्षांचं सन्मानपत्र द्या, उशिरा का होईना.
२. सहभाग: चाळीसही जणांना, प्रत्येकाचं नेमकं काम लिहून.
३. विशेष सन्मान: जास्तीत जास्त ५. पाचाच्या वर गेलात की "मग मी का नाही" हा प्रश्न रास्त ठरतो. पहिल्या वर्षी ३ पुरेत.

कॉलेजच्या मुलांचा गट मोठ्यांपासून वेगळा ठेवा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या राष्ट्रीय पुरस्कारांतही कार्यक्रम अधिकारी आणि विद्यार्थी स्वयंसेवक यांचे गट निराळे असतात. आणखी एक: त्या योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास भरावेच लागतात. तुमच्या केंद्रावर भरलेले असे सक्तीचे तास निवडीत धरू नका, त्यापुढचे धरा.

शिट्टी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. निवडीची पद्धत सविस्तर लिहितो.

नुसत्या तासांवर निवड करू नका. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, गळीत हंगामात ऊस तोडून रविवारी केंद्रावर येणाऱ्याकडे नसतो. तासांऐवजी "कबूल केलेल्या पाळ्या किती पाळल्या" हे बघा. एकीने वर्षात २४ पाळ्या घेतल्या आणि २२ पाळल्या, म्हणजे जवळपास ९२ टक्के. दुसऱ्याने ४८ घेतल्या आणि ३३ ला आला, म्हणजे ६९ टक्के. तास दुसऱ्याचे जास्त आहेत. पण १५ शनिवारी मुलं कुलूप बघून परत गेली. मुलांच्या दृष्टीने भरवशाची पहिली.

यासाठी प्रत्येक केंद्रावर साधी हजेरीवही हवी: तारीख, पाळी कोणाची होती, कोण आलं, न आल्यास आधी कळवलं का, मुलं किती. कळवून न येणं आणि न कळवता न येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो रकाना चुकवू नका. वही नसेल तर यंदा केंद्रप्रमुखांकडून अंदाजे आकडे मागवण्याचा मोह होईल. तो टाळा. अंदाजात ओळखीचा माणूस नेहमी जास्त भरतो. आजपासून वही सुरू करा आणि यंदा फक्त हाती असलेल्या नोंदींवर जा.

शिफारस कोणीही करू शकेल असं ठेवा, फक्त स्वतःची नको. अर्ज ए-फोर कागदाच्या एकाच बाजूला, तीन प्रश्न: या व्यक्तीने नेमकं काय केलं? त्यामुळे कोणत्या मुलांचं काय बदललं? हे आणखी कोणाला विचारून पडताळता येईल? दीडशे शब्दांची मर्यादा. ज्या पालकांना लिहिणं जमत नाही त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप घ्या आणि कोणीतरी तो उतरवून काढा. हे केलं नाहीत तर सगळ्या शिफारशी शिक्षकांच्याच येतात, आणि शिक्षकांबद्दलच येतात.

गुण १०० पैकी: पाळ्यांचं सातत्य ३०, मुलांमध्ये दिसलेला बदल ३०, नवीन स्वयंसेवक तयार करणं २०, अडचणीतून काढलेली वाट २०. तिसरा निकष मुद्दाम घातलाय. जो सगळं स्वतःच करतो तो आजारी पडला की केंद्र बंद पडतं.

समिती ५ जणांची: संस्थेचे दोन, बाहेरचा एक शिक्षक, एक पालक, आणि केंद्रात वाढलेला पण आता १८ पूर्ण झालेला एक जण. नात्यातल्या माणसाचं नाव आलं की त्या सदस्याने त्या नावापुरतं उठून बाहेर जायचं. गुण प्रत्येकाने आधी एकट्याने द्यायचे, चर्चा नंतर. आणि सरासरी नको, मध्यक घ्या. समजा गुण आले ७२, ७०, ७४, ७१ आणि ४०. सरासरी ६५.४ होते, एका माणसाच्या रागापायी. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर ७१.

मुलांचं मत जरूर घ्या, पण मतदान घेऊ नका. मतदानात कबड्डीचे दादा दरवर्षी निवडून येतील आणि पुस्तकांना कव्हर घालणाऱ्या ताई कधीच येणार नाहीत. त्याऐवजी वयोगटानुसार विचारा: "तुम्हाला काही अडलं तर कोणाकडे जाता? का?" उत्तरं नावाशिवाय लिहून समितीला द्या.

हिशेबवही

पैशाचं.

रोख नको, असं माझं ठाम मत आहे. ३,००० रुपये दिले की वर्षभराच्या कामाचा भाव ठरतो, आणि तो कमीच वाटतो. पण त्याआधी एक बघा: स्वयंसेवकांचा एसटीचा आणि पेट्रोलचा खर्च वर्षभर नियमित मिळतो का? मिळत नसेल तर आधी तो द्या. खिशातले पैसे घालून येणाऱ्याला शाल देणं त्याला बोचतं.

विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक विशेष सन्मानाच्या यादीत नकोत. लोक काय म्हणतील एवढ्यापुरतं हे नाही. संस्थेच्या पैशातून विश्वस्तांना आणि नातेवाइकांना लाभ देण्यावर आयकर कायद्यात बंधनं आहेत, आणि लेखापरीक्षणात वस्तूरूप लाभावरही बोट ठेवलं जाऊ शकतं. त्यांना दीर्घसेवेचं सन्मानपत्र द्या, तेवढं पुरे.

२५,००० ची एक मांडणी, तुमच्याकडच्या दरांप्रमाणे बदला:

मानचिन्हं ५ × ९०० = ४,५००
सन्मानपत्रं ४० × ६० = २,४००
पाच जणांसाठी चौकटी ५ × ४०० = २,०००
अल्पोपाहार २०० × ४० = ८,०००
ध्वनिक्षेपक, खुर्च्या ३,५००
लांबच्या केंद्रांचा प्रवास ३,०००

बेरीज २३,४००. उरलेले १,६०० हातात असू द्या, छपाईत एक-दोन सन्मानपत्रं नेहमी पुन्हा करावी लागतात. शाल-श्रीफळ मी धरलेलं नाही. धरायचंच असेल तर मानचिन्हं कमी करा, अल्पोपाहार कमी करू नका. स्वयंसेवकांची घरची माणसं येणार आहेत, आणि शनिवार-रविवार त्यांनीही सोडलेत.

दौत_टाक

छपाईवरून आठवलं. सन्मानपत्राचा मजकूर हाच खरा सन्मान असतो, आणि त्याच्यावरच सर्वांत कमी वेळ जातो. "आपण केलेल्या अमूल्य कार्याबद्दल" हे वाक्य कोणालाही लागू पडतं, म्हणून कोणाचंच नसतं. असं लिहा: "जून ते मार्च दर शनिवारी सकाळी ८ वाजता वाचनालय उघडलं. पुस्तक घरी न्यायला बुजणाऱ्या मुलांसाठी ओट्यावर सामूहिक वाचन सुरू केलं." दोन-तीन वाक्यं, त्यात क्रियापद आणि काळ. विशेष सन्मानासाठी ८० ते १०० शब्द, मोठ्याने वाचून ४५ ते ६० सेकंद.

नाव कसं छापायचं ते प्रत्येकाला लेखी विचारा. श्री., सौ., श्रीमती की काहीच नको? माहेरचं आडनाव की सासरचं? हे परस्पर ठरवू नका.

छापखान्याची एक खास अडचण: तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर अनेक ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्यात रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, ऱ्ह आणि ऱ्य हमखास बिघडतात. म्हणून पडद्यावरचं बघून होकार देऊ नका. कागदावर काढलेली प्रत मागवा आणि दोघांनी वाचा, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने मूळ यादी धरून.

पायवाट

दोन गोष्टी अजून कोणी लिहिल्या नाहीत.

पहिली सुरक्षिततेची. गुण द्यायच्या आधीची ही चाळणी आहे, तिला गुण नसतात, पास किंवा नापास एवढंच. मुलांशी नियमित संपर्क असणाऱ्या संस्थांनी तिथे काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यावी, असं पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) याच्या २०२० च्या नियमांत आहे. नियमाच्या शब्दांत स्वयंसेवक बसतात की नाही या वादात न शिरता चाळीसही जणांची करून घ्या. पुरस्कार म्हणजे संस्थेने गावासमोर दिलेली हमी असते. नंतर पालक त्या माणसाकडे जास्त विश्वासाने मूल सोपवतात. शिफारशी मागवताना "काही काळजीचं वाटत असल्यास कोणाशी बोलावं" म्हणून एका ताईंचा आणि एका दादांचा क्रमांक द्या, सोबत १०९८ ही चाइल्डलाइन. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर समितीने आपापसांत चौकशी करत बसायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

फोटोंसाठी पालकांची लेखी संमती. मुलाचं नाव, शाळा आणि गाव एकत्र टाकू नका. मुलांना तासभर आधीपासून लेझीम घेऊन स्वागताला उभं करू नका, आणि मंचावर पाया पडायला लावू नका. मुलांना वाटलं तर ती आपण होऊन करतात.

दुसरी गोष्ट वेळेची. ४० जणांना एकेक बोलावलं तर प्रत्येकी ४० सेकंद धरले तरी २७ मिनिटं जातात, टाळ्या शेवटी विरळ होतात. केंद्रवार बोलवा: ९ केंद्रं × २ मिनिटं = १८ मिनिटं. दीर्घसेवा १० मिनिटं, विशेष सन्मान प्रत्येकी ३ मिनिटांप्रमाणे १५. पाहुणे एकच, त्यांना ७ मिनिटं, आणि बोलणं सन्मानांच्या नंतर. पाहुणे उशिरा आले तरी ठरल्या वेळी सुरू करा. मानचिन्ह पाहुण्यांच्या हस्ते नको, त्या स्वयंसेवकाकडे शिकून गेलेल्या मोठ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हस्ते द्या. पाहुण्याला नाव वाचून दाखवावं लागतं, या मुलाला लागत नाही.

५ डिसेंबरसाठी: १५ सप्टेंबरला घोषणा, १५ ऑक्टोबरला शिफारशी बंद, महिनाअखेर पडताळणी, दिवाळीचा आठवडा सोडून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निवड, २५ ला छपाई. सप्टेंबर निघून गेला असेल तर ओढूनताणून बसवू नका, १२ जानेवारी धरा. मात्र डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं आणि कॉलेजांची सात दिवसांची श्रमसंस्कार शिबिरं असतात, सभागृह आणि कॉलेजची मुलं दोन्ही आधी विचारून ठेवा. आणि तारखेपेक्षा जवळचा रविवार बरा.

शनिवारची_शाळा

फार उपयोगी. १२ जानेवारीच्या जवळचा रविवार, विशेष सन्मान ३, रोख नाही, असं मांडतो बैठकीत. आजच ९ वह्या आणतो. एक राहिलं: ज्यांची शिफारस आली पण निवड झाली नाही, त्यांना सांगायचं का?

शिट्टी

हो, कार्यक्रमाच्या आधी, आणि समोरासमोर. गुण सांगू नका, क्रमांकही नाही. शिफारशीत त्यांच्याबद्दल जे लिहून आलं तो मजकूर, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, सुवाच्य अक्षरात उतरवून त्यांच्या हातात द्या. आवाजी निरोप असेल तर तोच ऐकवा. म्हणून अर्जाच्या तळाशी आत्ताच एक ओळ घाला: "हा मजकूर संबंधित व्यक्तीला दाखवण्यास माझी संमती आहे / नाही."