रविवारची सहल: किती वाडे पाहायचे?

सेक्रेटरी: मंडळी, यादी भलतीच वाढलीय. जाधवगड, भोरचा राजवाडा, नायगाव, वाई, मेणवली. एका दिवसात जमेल?

कुलकर्णी काका (बी ४०४): न जमायला काय झालं? बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा बसमध्ये चढायचं. वाडा पाहिल्याचं पुण्य पदरात.

शिंदे काकू (सी ३०२): काकांचा टोमणा बरोबर आहे. माझं माहेर वाईचं, म्हणून सांगते, दोनच ठेवा: नायगाव आणि मेणवली. जाधवगडाचं हॉटेल झालंय, तिथे जेवायला कधीही जाता येईल. भोर वेगळ्या वाटेला. आणि मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकांचा आहे, मागे कृष्णेचा घाट. तिथे अर्ध्या तासात काही दिसत नाही.

रोहन (ए २०३): शाहरुखचं शूटिंग झालं तोच घाट ना?

शिंदे काकू: तोच. पण तू घंटा बघ. मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलीय ती चर्चची आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची लूट. लांबून नेहमीची देवळातली घंटा वाटते. जवळ गेलास तर धातूवर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसेल आणि १७०७ साल.

रोहन: भारी! नानांनी आणली?

शिंदे काकू: अरे, नानांचा जन्मच १७४२ चा 😄

मंजिरी (बी १०२): नायगावला काय आहे? मुलं विचारतायत.

कुलकर्णी काका: सावित्रीबाईंचं माहेर! ३ जानेवारी १८३१, जन्म तिथला. शिरवळजवळ हायवे सोडून थोडं आत. घर जतन केलंय, शेजारी स्मारक आहे. सकाळी ते पाहावं आणि मग मेणवली. सावित्रीबाईंच्या वडिलांसारख्या गावच्या पाटलाचं घर कसं असे आणि पेशवाईच्या कारभाऱ्याचं कसं, मुलांना एका दिवसात कळेल. मला तर नायगावच जास्त महत्त्वाचं वाटतं.

रोहन: पण गावोगावचे बाकीचे वाडे पडायला का आलेत? सिमेंटचं प्लास्टर मारून घ्यायचं ना सरळ.

पाटील साहेब (ए १०१): तेच करू नये! सार्वजनिक बांधकामात हाडं झिजवली, म्हणून बोलतो. खाली दगडी जोतं, वर विटा किंवा पांढरी माती, सांध्यांत चुना. अशा भिंतीत मुरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ती आतच कोंडते. मग भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजतात, वाळवी लागते. बाहेरून भिंत गुळगुळीत आणि एका पावसाळ्यात वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, खाली. तुळईचं टोक बोटाने दाबून पाहा, भुसा निघाला तर समजा.

मंजिरी: साहेब, सी विंगच्या गळतीकडेही एकदा असंच बोट दाबून बघा 🙏

पाटील साहेब: ते कमिटीला विचारा.

सेक्रेटरी: विषयावर या प्लीज.

शिंदे काकू: एक गोष्ट आत्ताच सांगते. मेणवलीचा वाडा खासगी आहे, सरकारी नाही. विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही, जुन्या जिन्यांवर पोरांची धावाधाव नको, ड्रोन तर नकोच. आपल्या माजघरात कुणी न विचारता येऊन रील काढली, तर चालेल का?

मंजिरी: अगदी. आणि सासूबाईंना घाटाच्या पायऱ्या जमतील का?

शिंदे काकू: उतरायला लावू नका. वरच्या पायरीवर बसल्या तरी नदी दिसते. वाईत ढोल्या गणपतीला मात्र थांबू, वाटेतच आहे. १७६२ साली रास्त्यांनी बांधला. गोपिकाबाई पेशव्यांचं हे माहेरघराणं.

कुलकर्णी काका: म्हणजे दोनाचे तीन झाले!

शिंदे काकू: माझ्या माहेरच्या गणपतीला मोजायचं नाही.

सेक्रेटरी: ठरलं. नायगाव, वाई, मेणवली. खंबाटकीत अडकायचं नसेल तर सकाळी ६ ला गेटवर.

रोहन: ६ म्हणजे आपल्या सोसायटीचे ७.

सेक्रेटरी: ६ म्हणजे ६. किती जण येणार ते आज रात्री कळवा, बसवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय.