मदत हवी आहे: .३०८ च्या पोचे आलेल्या पुंगळ्या पुन्हा भराव्यात का?

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासमध्ये राहतो. .३०८ विंचेस्टरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल वापरतो आणि काडतुसे घरीच भरतो, म्हणजे उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळीत (पुंगळीत) नवी पावडर आणि गोळी घालून ती पुन्हा वापरतो. (इथे स्वतःच्या वापरापुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, धंदा करायचा असेल तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे माहितीपुरतेच वाचावे.)

रेंजवरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या मला दिल्या आहेत. पितळ चांगले आहे, एकदाच उडवलेले. त्यांची रायफल मात्र जी-३ (जर्मन लष्करी रायफल) पद्धतीची सेमी-ऑटोमॅटिक आहे. ती पुंगळी इतक्या जोरात बाहेर फेकते की बहुतेकींना खिडकीची (पुंगळी बाहेर पडते त्या फटीची) कड लागून पोचा आला आहे. चेंबरमध्ये (रायफलीत काडतूस बसते त्या जागेत) उभ्या खाचा असल्यामुळे अंगावर काळपट रेघाही आहेत, पण त्यांची मला काळजी वाटत नाही.

बहुतेक पोचे मधल्या अंगावर आहेत, उथळ आणि गोलसर. काहींचे तोंड चेपून अंडाकृती झाले आहे. थोड्या पुंगळ्यांना खांद्याच्या (तोंडाकडे निमुळत्या होणाऱ्या भागाच्या) खाली धारदार चुणी पडली आहे, नख फिरवले तर अडकते. पहिल्या दोन प्रकारच्या वापराव्यात असे वाटते, तिसऱ्यांबद्दल मन धजावत नाही. चेहऱ्याजवळ फुटणारी वस्तू आहे, म्हणून अंदाजावर काही करायचे नाही. अनुभवी लोकांनी कृपया सांगावे. साइझिंग डायमधून (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढल्यावर अंगावरचे पोचे जातील का, हेही कळले तर बरे.

प्रतिसाद

डायने अंगावरचा पोचा जात नाही. डाय पुंगळीला बाहेरून दाबते, आणि पोचा काढायला आतून दाब हवा. तांब्याला पोचा आला की कासार आतून ठोकतो, तसेच. इथे ते काम गोळी उडताना आपोआप होते. .३०८ ची कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. त्या दाबाखाली पितळ चेंबरच्या भिंतीला जाऊन चिकटते आणि उथळ पोचा सपाट होतो. तोपर्यंत पोच्यामुळे आतली जागा किंचित कमी असते, म्हणून पहिल्या खेपेला काडतुसे भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापानेच पावडर घाला. कमाल मापाच्या जवळपासही जाऊ नका.

चेपलेले तोंड आधी गोल करून घ्या. निमुळता पंच किंवा लांब चोचीचा पक्कड आत घालून हलके फिरवले की होते. तसेच डायमध्ये घातले तर आतला दांडा तोंडाच्या कडेवर आदळेल आणि पुंगळी वाया जाईल.

चुणीवाल्या टाकून द्या. खोलीपेक्षा आकार महत्त्वाचा. गोलसर पोच्यात पितळ नुसते वाकलेले असते, धारदार चुणीत ते एका रेषेवर दुमडून कडक झालेले असते आणि तिथूनच तडा जातो.

आणि डायमधून काढल्यावर खांद्यावर नवेच पोचे दिसले तर ते वंगणाचे. जास्तीचे वंगण खांद्याशी अडकते, त्याला बाहेर पडायला जागा नसते, मग ते पितळ आत दाबते. कमी लावा आणि डायचे बारीक छिद्र साफ ठेवा.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, पण या पुंगळ्यांत मला पोच्यांपेक्षा बुडाची भीती जास्त वाटते. दुसऱ्याच्या चेंबरमध्ये ताणलेले पितळ आहे. बुडाच्या जाड भागाच्या जरा वर आतून भिंत पातळ होते, आणि पुढच्या एखाद्या खेपेला पुंगळी तिथेच तुटून दोन तुकडे होतात. बाहेरून तिथे चकचकीत वळे दिसते, पण दर वेळी दिसेलच असे नाही. पेपरक्लिप सरळ करून टोक थोडे वाकवा आणि आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढा. खाचेत अडकल्यासारखे वाटले तर ती पुंगळी बाद. बुडाजवळ पोचा असेल तरी बाद, तिथे तडजोड नको.

उरलेल्या पूर्ण साइझ करा, तुमच्याच रायफलीत बोल्ट सहज बंद होतो का पाहा, मग लांबी मोजा. कमाल २.०१५ इंच, कापायची ती २.००५ ला. कापल्यावर तोंडाची कड आतून-बाहेरून साफ करा. बुडावर वर्तुळातल्या फुलीची खूण असेल तर ते लष्करी पितळ. त्याची भिंत सहसा जाड असते, प्रायमरही (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) चेपून बसवलेला असतो. त्या वेगळ्या भरा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पेपरक्लिपची तपासणी लगेच केली. ज्यांत टोक अडकले त्यातली एक उभी कापून पाहिली, तर आत खाच स्पष्ट दिसली. बाहेरून ती अगदी निर्दोष होती, एकही पोचा नव्हता. सगळ्या बाद पुंगळ्या पकडीने चेपून भंगारात टाकल्या, म्हणजे दुसरे कोणी उचलून भरणार नाही.

आणखी एक विचारतो. पोचेवाल्या पुंगळ्यांची पहिली खेप शिकारीसाठी चालेल का?

प्रतिसाद

नको. पोच्यांमुळे आतली जागा सगळ्यांची सारखी नसते, त्यामुळे वेग थोडा इकडेतिकडे होतो. पहिली खेप रेंजवर कागदावर उडवा. पुंगळ्या सरळ होऊन आल्या की पुन्हा पेपरक्लिप फिरवा, लांबी मोजा, आणि मग हरणासाठी भरा.