'चार्जबॅक'ला मराठीत काय म्हणावं?

एका परिपत्रकाचा मसुदा मराठीत करतेय. सर्व्हर, ईमेल, नेटवर्क हे सगळं एकाच आयटी यंत्रणेनं सांभाळायचं आणि खर्च वापरणाऱ्या शासकीय विभागांकडून घ्यायचा, असा विषय. मूळ मसुद्यात 'चार्जबॅक' आहे. मागच्या खेपेला कुणीतरी 'शुल्क परतावा' लिहिलं, तर दोन कार्यालयांनी परताव्याची रक्कम कधी जमा होणार म्हणून पत्रं धाडली! 'देयक आकारणी' चालेल का?

*

परतावा आला तो बँकेतून. कार्डाच्या व्यवहारात चार्जबॅक म्हणजे गेलेले पैसे गिऱ्हाइकाला परत. तुमच्याकडे पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. सरळ 'वर्गणी' म्हणा की.

*

वर्गणी नको हो, गणपती आठवतो. शिवाय वर्गणी वापरावर ठरत नाही. हाउसिंग सोसायटीचे आदर्श उपविधी बघा: सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं, पाण्याचे पैसे मात्र नळांची संख्या आणि आकार बघून. पहिली झाली वाटणी, दुसरी आकारणी. आधी यंत्रणेला विचारा, पैसे कसे लावणार? मेलच्या खात्यांवर, सर्व्हरच्या जागेवर, की सगळ्यांना सरसकट? सरसकट असेल तर 'खर्चाची वाटणी' लिहा, मोजून असेल तर 'सेवा आकारणी'. आणि दरासाठी 'सेवा आकार'. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार रोज वाचतोच आपण. त्यामुळे कुणाला हा शब्द टोचणार नाही. 'शुल्क' नागरिकाकडून घ्यायच्या पैशांसाठी राहू दे.

*

कोषागारात बरीच वर्षं काढली म्हणून 'देयका'बद्दल बोलतो. बाजारात बिल विकणारा देतो, पण कोषागारात जातं ते देयक पैसे खर्च करणारं कार्यालयच तयार करतं. आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाचे पैसे काढून देणारा) सही करतो, ते पारित होतं, पैसे निघाले की त्याचं प्रमाणक (व्हाउचर) होतं. आयटी यंत्रणा विभागाला पाठवते तो कागद म्हणजे बीजक (इनव्हॉइस), फार तर मागणीपत्र. बीजक जोडून विभाग देयक सादर करणार. दोन्हींना 'देयक' म्हटलंत तर लेखा शाखेतला कारकून 'देयक प्राप्त झाले, पारित कोणी करायचे?' असा शेरा मारून फाइल परत पाठवील. आम्ही पाठवल्यात. (विधिमंडळातलं बिल म्हणजे विधेयक, त्याच्याशी कोणी गल्लत करणार नाही ही आशा.)

आणखी एक. यंत्रणा शासनाचाच विभाग असेल तर रोख पैसा हलायची गरज नसते. हिशेबाच्या एका सदरातून, म्हणजे लेखाशीर्षातून, खर्च दाखवून दुसऱ्यात वळता करतात. त्याला 'पुस्तकी समायोजन' हा रुळलेला शब्द आहे. कंपनी असेल तर खरंच पैसे द्यावे लागतात. केंद्रात दोन्ही आहेत: सरकारी आयटी सांभाळणारी 1976 ची एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) सरकारी खातं, 1995 ची निक्सी (एनआयसी सर्व्हिसेस) तिच्या छत्राखालची कंपनी.

*

आमच्याकडे महामंडळ आहे, म्हणजे समायोजन बाद. मेलचे पैसे खात्यांवर, बाकी सरसकट, असं आत्ताच विचारून आले. तेव्हा मथळा: 'सामायिक माहिती तंत्रज्ञान सेवांच्या खर्चाची आकारणी व वाटणी'. आत बीजक महामंडळाचं, देयक विभागाचं. 'सेवा आकार' मात्र साहेबांनी खोडला. विचारलं तर म्हणाले, सेवेला कसला आकार, गोल की चौकोनी? 'सेवा दर' लिहून मोकळी झाले.