मदत हवी आहे : टाळी वाजली की ब्लिट्झ घरात! (अमेरिकन फुटबॉल, स्नॅपचं टायमिंग)

तीनताल

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हा धागा मेस्सीच्या फुटबॉलचा नाही, लांबट चेंडूच्या अमेरिकन फुटबॉलचा आहे. पळून जाऊ नका.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. चिरंजीव दहावीत, शाळेच्या जेव्ही (म्हणजे मुख्य संघाखालच्या ज्युनिअर) संघात सेंटर. म्हणजे चेंडूवर हात ठेवून वाकून बसायचं, वेळ झाली की तो पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे डाव चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या गड्याकडे सोडायचा (हाच स्नॅप) आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्या दांडगटाला अडवायचं. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं ब्लीचर्सवर असतो. बायको निम्मा वेळ डोळे मिटून, मी मोबाइलवर शूटिंग करत.

गेल्या दोन सामन्यांत समोरच्या मधल्या लाइनबॅकरने (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा असणारा गडी) हैदोस घातला. स्नॅप होताच तोही क्वार्टरबॅकवर धावून येतो, हाच ब्लिट्झ. आमचा क्वार्टरबॅक पाचेक यार्ड मागे, शॉटगनमध्ये उभा राहतो. टाळी वाजवतो, पोरगा चेंडू सोडतो. आणि त्याने मान वर काढेपर्यंत लाइनबॅकर खांद्याला घासून मागे पोचलेला! घरी येऊन व्हिडिओ एकेक फ्रेम करून पाहिला. टाळीनंतर चेंडू हलायला दर वेळी अगदी तेवढाच वेळ. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत तो लाइनबॅकर चेंडू बघतच नव्हता, टाळी ऐकून पाऊल टाकत होता. चेंडू हलायचा तेव्हा तो नेमका रेषेशी, त्यामुळे ऑफसाइडही (स्नॅपच्या वेळी चेंडूच्या रेषेपलीकडे असण्याचा गुन्हा) नाही. लहानपणी सात वर्षं तबला बडवलाय, म्हणून लगेच कळलं : त्याला आमची सम सापडली आहे.

मुलाला म्हटलं, अरे ठेका बदला की. तर म्हणे, "बाबा, कोच म्हणतात की ठेका बदलला तर आपलीच पोरं आधी हलतात." तेही खरंच. फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड मागे.

मोठे संघ यावर नेमकं काय करतात आणि त्यातलं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना किती झेपतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

एडिसनकर

चांगला धागा. रोगाचं निदान तुम्हीच केलंय, मी फक्त औषधाचं नाव सांगतो : हार्ड काउंट. म्हणजे खोट्या हाका किंवा टाळ्या देऊन समोरच्याला स्नॅपआधीच हलवायचं.

पुढच्या फळीत आपले पाच जण असतात, समोरून साधारण चार धावून येतात. पाचवा-सहावा सोडला की ब्लिट्झ. वजन, वेग सगळं समोरच्याकडे असू शकतं. आपल्याकडे एकच गोष्ट जास्त असते : चेंडू कधी हलणार ते आपल्याला माहीत, त्यांना नाही. दर वेळी एकाच टाळीवर स्नॅप म्हणजे ती एकुलती एक गोष्टही फुकटात वाटून टाकली.

डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचं "ओमाहा" आठवतंय का? १२ जानेवारी २०१४, डेन्व्हरला चार्जर्सविरुद्धचा प्लेऑफ सामना. गडी दिवसभर "ओमाहा ओमाहा" ओरडत होता. कधी त्या शब्दावर चेंडू निघायचा, कधी नाही. चार्जर्सची मंडळी पाच वेळा रेषा ओलांडून फसली. दर वेळी पाच यार्ड भेट. नंतर अर्थ विचारला तर म्हणे वाऱ्यावर अवलंबून आहे, कितवा क्वार्टर आहे त्यावर, आणि जर्सी कुठली घातलीय त्यावर!

मात्र फ्री प्लेची स्वप्नं बघू नका. ॲरन रॉजर्स ग्रीन बे संघाचा क्वार्टरबॅक असताना समोरच्याला ऑफसाइड खेचून त्याच डावात लांब पास फेकायचा. फसला तरी पेनल्टी आपल्या बाजूने, म्हणजे फुकटचा डाव. शाळेत ते चालत नाही. बचावाचा खेळाडू आत आला की शिट्टी, डाव तिथेच बंद.

टचडाउन_मावशी

एडिसनकर, तुमच्या न्यू जर्सीत बंद. धागाकर्ते टेक्ससात आहेत. इथली शाळकरी स्पर्धा काही फेरफार करून कॉलेजच्या नियमांवर चालते. त्यामुळे बचावाचा खेळाडू आत आला, कोणाला शिवला नाही आणि स्नॅपच्या आधी परत गेला तर गुन्हा नाही. तो आत असतानाच स्नॅप झाला, तर डाव चालू राहतो आणि ऑफसाइडचा झेंडाही पडतो. (तो सुसाट क्वार्टरबॅककडेच सुटला, किंवा त्याच्यामुळे समोरचा लाइनमन दचकला, तर मात्र शिट्टी.)

तीनताल, याचा अर्थ लक्षात येतोय का? ती संधी घेणारा माणूस क्वार्टरबॅक नाही, तुमचा मुलगा आहे. लाइनबॅकर आत आलेला दिसला की सेंटरने ठरलेला ठेका गुंडाळून ठेवायचा आणि चेंडू लगेच मागे सोडायचा. बाकी सगळे ठरलेल्या वेळेची वाट बघत असताना हा एकटाच ठेका मोडायला मोकळा.

आवाजाने फसवा, अंगाने नको. क्वार्टरबॅकने डोकं किंवा खांदे झटकून हूल दिली तर तोच फॉल्स स्टार्ट. माझ्या मोठ्याने एकदा नको तिथे हे केलं होतं. थर्ड अँड फोरचं (तिसरा प्रयत्न, चार यार्ड हवेत) थर्ड अँड नाइन झालं आणि घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

खोखोपटू

मी बचावाच्या बाजूने बोलतो. खो मिळायच्या आधी उठलं की फाउल, हे ज्यांच्या हाडात मुरलंय त्यांना हा खेळ लवकर कळतो. बचावाच्या कोचांचं पहिलं वाक्य असतं : कानाने खेळू नका, चेंडू बघा. पण चेंडू बघून निघालं तर अर्धं पाऊल उशीर होतो, म्हणून धाडसी गडी अंदाजाने उडी मारतात. पिट्सबर्गच्या ट्रॉय पोलामालूने २०१० मध्ये टेनेसीविरुद्ध गोल लाइनवर तेच केलं. स्नॅपच्या क्षणी अख्ख्या फळीवरून झेप घेतली आणि टेनेसीचा क्वार्टरबॅक केरी कॉलिन्सला धरलं. अर्धा सेकंद आधी उडाला असता तर हसं झालं असतं.

टाळीइतकंच प्ले क्लॉकही चुगली करतं. चाळीस सेकंदांतले एक-दोन उरले की चेंडू सोडावाच लागतो, हे समोरच्यालाही दिसतं. दर वेळी शेवटच्या क्षणापर्यंत घोळ घातलात तर टाळी कितीही बदला, तो घड्याळ बघून निघेल. कधी रांग लागल्या लागल्या, पहिल्याच आवाजावर सोडून द्या. ब्लिट्झवाला तेव्हा आपल्या जागेकडे चालतच असतो.

तीनताल

मावशी, खोखोपटू, डोळे उघडले. म्हणजे टाळी द्यायची आणि खाली दाखवायची, असंच ना?

टचडाउन_मावशी

हो, पण यार्ड मिळवणं हा त्यातला छोटा भाग. खोट्या टाळीचा मोठा फायदा म्हणजे ब्लिट्झ आधीच उघडा पडतो. पहिल्या टाळीवर कोणी उडी नाही मारली तरी ज्याला धावायचंय त्याचं वजन पुढच्या पायावर येतं, मागे लपलेला सेफ्टी (बचावाचा सगळ्यात मागचा गडी) दोन पावलं खाली सरकतो. आता सेंटरने बोट दाखवायचं, "माइक तो!" (माइक म्हणजे मधला लाइनबॅकर), म्हणजे कोणी कोणाला अडवायचं ते ठरलं. लाइनबॅकर जिथून निघणार ती जागा रिकामी होणार, क्वार्टरबॅकने छोटा पास तिथेच टाकायचा. मग खरी टाळी.

जेव्हीला एवढं सगळं नको. एका टाळीवर आणि दोन टाळ्यांवर, असे दोनच ठेके ठेवा. दहा डावांत दोन-तीनदा दुसरा वापरला तरी पुरे, समोरच्याच्या मनात पाल चुकचुकली की झालं. आणि आठवडाभर सराव दमलेल्या पोरांकडून करून घ्या. ताजंतवानं असताना सगळे बरोबरच थांबतात.

एडिसनकर

टेक्ससबद्दल चूक कबूल.

अवांतर : ओमाहाच्या त्या सामन्यानंतर तीनच आठवड्यांनी, २ फेब्रुवारीला, आमच्याकडे मेटलाइफ स्टेडियममध्ये सुपर बोल झाला. डेन्व्हरचा पहिलाच डाव. मॅनिंग काहीतरी बदलायला पुढे चालत येतोय, प्रचंड गोंगाट, सेंटरचा समज झाला की बोलावणं आलं. चेंडू मॅनिंगच्या डोक्याजवळून थेट डेन्व्हरच्याच एंड झोनमध्ये. १२ सेकंदांत सेफ्टी (इथे खेळाडू नव्हे, आपल्याच एंड झोनमध्ये अडकल्याची शिक्षा), समोरच्या सिएटलला दोन गुण, शेवटी ४३-८. ठेक्याचा राजाही सेंटरला ऐकू गेलं नाही तर रंकच. तुमच्याकडे बँड फार वाजत असेल तर शेजारच्या गार्डने सेंटरला थोपटून खूण करायची पद्धत असते, तीही कोचना विचारा.

तीनताल

परवाचा वृत्तांत. कोचनी दोन टाळ्यांचा ठेका घेतला (बहुतेक पोरांनीच भुणभुण केली). पहिल्यांदा आमचाच लेफ्ट गार्ड हलला. पाच यार्ड. कोचनी माझ्याकडे बघितलं असं मला उगाच वाटलं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये पुन्हा. पहिली टाळी, आणि लाइनबॅकर दोन पावलं आत! मी ब्लीचर्सवरून "सोड, सोड!" ओरडलो, मराठीत. पोरगा त्याच्याकडे बघतच राहिला. लाइनबॅकर मागे सरकून परत आपल्या जागेवर. फ्री प्ले गेला. पण त्यानंतर तो गडी टाळीवर हललाच नाही. चेंडू बघून निघायला लागला आणि दोनदा आमच्या पोराने त्याला चक्क अडवला. बायकोने तेवढ्यापुरते डोळे उघडले होते.

गाडीत विचारलं, सोडला का नाहीस? तर म्हणाला, "बाबा, तो इतका जवळ आला की मी चेंडू विसरलो."

आता पुढचा प्रश्न : याचा घरी सराव कसा घ्यायचा? गॅरेजसमोर मी लाइनबॅकर व्हायला तयार आहे.

टचडाउन_मावशी

आधी गुडघ्याला पट्टा बांधा. मग पाचातल्या एकाच वेळी आत या, आणि कोणत्या ते त्याला सांगू नका.